म्हातारपणी सुख वाढतं म्हणे! कुणाचं?

काही महिन्यांपूर्वी आमच्या सातपुरात, अशोकनगर भागात, ज्येष्ठ नागरिकांसाठी एक व्याख्यान होतं. विषय होता ‘आनंदी वार्धक्य’. पाहुणे शिकलेले होते, बोलणंही गोड. फळ्यावर त्यांनी खडूने एक वाटीसारखी रेघ काढली आणि सांगितलं की माणसाचं सुख तरुणपणी वर असतं, पंचेचाळीस-पन्नाशीच्या सुमारास तळाला जातं आणि मग पुन्हा वर चढतं. साठीनंतर माणूस अधिक समाधानी होतो, हे जगभरच्या शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं आहे. तेव्हा कुरकुर सोडा, हसत जगा. टाळ्या पडल्या. पुढच्या खुर्च्यांवर सगळे पुरुष होते, बहुतेक कारखान्यांतून निवृत्त झालेले. मागच्या सतरंजीवर आम्ही पंधरा-वीस बायका. आणि आमच्याच वयाच्या चौघीजणी आत पोह्यांना फोडणी देत होत्या.

कार्यक्रम संपल्यावर कपबश्या विसळताना त्यातल्या एकीने मला विचारलं, “ताई, ते साहेब फळ्यावर काय काढत होते?” मी सांगितलं. बाईचं वय सत्तरच्या पुढे. पहाटे पाचला उठून नातवंडांचे डबे करते, मग दोन घरची भांडी. ती हसली आणि म्हणाली, “मंग माझं वय अजून झालेलं नसंल.”

त्या दिवसापासून हा विषय डोक्यातून जाईना. म्हणून हे लिहिते आहे. पाहुणे खोटं बोलत होते असं माझं म्हणणं नाही. त्यांनी जे अर्धं सांगितलं त्याचा उरलेला अर्धा भाग सांगायला हवा, कारण त्या अर्ध्या भागात आपण आहोत.

आधी त्या रेघेबद्दल. ती वाटी पाहुण्यांनी मनाने काढलेली नाही. डेव्हिड ब्लँचफ्लॉवर आणि अँड्र्यू ऑस्वाल्ड या दोन अर्थतज्ज्ञांनी २००८ साली अनेक देशांची आकडेवारी घेऊन हा सिद्धांत मांडला. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या लॉरा कार्स्टेन्सन या मानसशास्त्रज्ञ बाईंनीही वर्षानुवर्षं काम करून दाखवलं आहे की वय वाढलं की माणूस नको ती भांडणं, नको ती माणसं सोडून देतो. उरलेला वेळ थोडा आहे हे कळल्यामुळे ज्यात जीव रमतो तेवढंच धरतो, आणि त्यामुळे त्याचं मन शांत होतं. वाचायला हे पटतं. पण मैत्रिणींनो, नको ती माणसं सोडून द्यायला आधी घर आपलं असावं लागतं. ज्या बाईची वळकटी मुलाच्या घरातल्या पॅसेजमध्ये आहे, तिने नेमकं कुणाला सोडायचं?

आता आपल्या देशाचं बघू. २०१७-१८ साली मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने पंचेचाळीस वर्षांवरच्या सुमारे ७२,००० माणसांची पाहणी केली. तिच्या आधारे २०२४ च्या जागतिक आनंद अहवालात भारतातल्या वृद्धांवर एक प्रकरण आलं. त्याचं म्हणणं असं की भारतात वय वाढेल तसं समाधान वाढलेलं दिसतं. आणि शिक्षण, पैसा, तब्येत वगैरे इतर गोष्टी हिशेबात धरल्या तर म्हाताऱ्या बायका म्हाताऱ्या पुरुषांपेक्षा जास्त समाधानी निघतात. वर्तमानपत्रांनी एवढीच ओळ उचलली. त्याच प्रकरणात पुढे असंही म्हटलं आहे की बायकांच्या वाट्याला ताण आणि आजारपण जास्त आहे, वरच्या जातीतली आणि शिकलेली माणसं अधिक समाधानी आहेत, आणि समाधान ठरवणाऱ्या गोष्टींत सगळ्यांत वर आहेत ती राहती व्यवस्था, भेदभावाचा अनुभव आणि तब्येत. म्हणजे ज्या घरात राहतो त्यात मान आहे का, लोक कसं वागवतात आणि शरीर साथ देतं का, यावर सगळं ठरतं. ही ओळ मात्र कुणी उचलली नाही.

‘बरं चाललंय’ या उत्तराचा अर्थ

पाहणी करणारी मुलगी दारात येते, हातात टॅब असतो, आणि विचारते: “आजी, तुम्ही आयुष्यात समाधानी आहात का?” आजी ओट्याशी, सून मागे, मुलगा खाटेवर. आजी काय म्हणेल? “बरं चाललंय बाई. देवाच्या दयेनं पोरं चांगली आहेत.” मी स्वतः आमच्या गटातर्फे वस्त्यांमध्ये असे अर्ज भरले आहेत. हेच उत्तर मी शेकड्याने लिहून घेतलं आहे. आणि तीच बाई पुढच्या आठवड्यात नळावर भेटली की म्हणते, “तुझ्याकडं एखादं काम असलं तर बघ ना, पोराला कळू देऊ नको.”

याचं एक जुनं उदाहरण अमर्त्य सेन यांनी १९८५ साली लिहून ठेवलं आहे. बंगालच्या भीषण दुष्काळानंतर, १९४४ साली, कलकत्त्याजवळच्या सिंगूर भागात विधवा बायकांना आणि विधुर पुरुषांना तब्येतीबद्दल विचारलं होतं. विधुरांपैकी ४८.५ टक्के म्हणाले की आपण आजारी आहोत किंवा तब्येत बेताची आहे. विधवांपैकी किती म्हणाल्या? अडीच टक्के! दुष्काळाने आणि वैधव्याने बायका पुरुषांपेक्षा ठणठणीत झाल्या, असा अर्थ कुणी काढेल का? आपण आजारी आहोत असं म्हणायचा अधिकारच त्यांना कुणी दिला नव्हता, आणि तो नाही याचीही त्यांना सवय झालेली होती. थोड्याची सवय लागली की थोडंच पुरतं. त्या सवयीला समाधान हे नाव देऊन तिची टक्केवारी काढायची, याला मी शास्त्र म्हणायला तयार नाही.

शरीराचंच घ्या. आमच्या बैठकीत एकदा आरोग्याचा विषय निघाला. गुडघ्यांवरून सुरुवात झाली, आणि मग एकीने खाली मान घालून सांगितलं की तिचं अंग बाहेर येतं. किती वर्षांपासून? धाकट्या मुलाच्या बाळंतपणापासून. बाळंतपणानंतर पंधराव्या दिवशी ती पाण्याचे हंडे वाहत होती. तो मुलगा आता चाळिशीचा आहे. इतकी वर्षं ती चालताना, बसताना, शिंकताना हे सोसते आहे आणि नवऱ्यालाही बोललेली नाही. तिचं ऐकून आणखी दोघींनी तोंड उघडलं. एकीला लघवी आवरत नाही, म्हणून ती लग्नाकार्याला जात नाही. घरचे म्हणतात, आई आता विरक्त झाली. अशा किती ‘विरक्त’ बायका समाधानी म्हणून मोजल्या गेल्या असतील?

सुख वाढतं, हेही खरंच

पण इथेच थांबले तर मीही अर्धंच सांगितलं असं होईल. म्हाताऱ्या बायका म्हणजे नुसती दुःखाची गाठोडी, असं चित्र आपल्या चळवळीच्या पत्रकांत नेहमी असतं, आणि तेही खरं नाही.

म्हणून त्या व्याख्यानानंतर आम्ही आमच्या गुरुवारच्या बैठकीत हाच प्रश्न ठेवला. दार लावून घेतलं, घरचं कुणी नव्हतं. विचारलं की विशीतल्यापेक्षा, चाळिशीतल्यापेक्षा आता बरं वाटतं का? खोटं कशाला सांगू, बहुतेकजणी ‘हो’ म्हणाल्या. मीही म्हणाले. मग विचारलं, कशामुळे? एक म्हणाली, पाळी गेली, कटकट संपली. महिन्याचे चार दिवस बाजूला बसायचं संपलं. दुसरी म्हणाली, सासू गेली, आता चहा कधी करायचा ते मी ठरवते. तिसरी म्हणाली, आता कुठे निघालीस असं कुणी विचारत नाही. वणीला जाते, त्र्यंबकला जाते. चौथी बराच वेळ गप्प होती. मग हळूच म्हणाली, “आमचे हे गेले तेव्हापासून रात्री झोप लागते.” क्षणभर कुणी बोललं नाही. कुणाला रडावं का हसावं कळेना. मग एक हसली, आणि सगळ्याच हसल्या, ती स्वतःसुद्धा.

हे सुख खरं आहे. ते खरं नाही असं म्हणण्याचा मला किंवा कुठल्याही कार्यकर्तीला अधिकार नाही. पण त्याची यादी पुन्हा वाचा. त्यात वयाने दिलेलं काय आहे? प्रत्येक गोष्ट काहीतरी संपल्याची आहे. विटाळ संपला, धाक संपला, मार संपला, नजर संपली. चाळीस वर्षं मानेवर ठेवलेलं ओझं उतरलं की मान हलकी होणारच. त्या हलकेपणाचं श्रेय वयाला देणं म्हणजे कैद्याच्या सुटकेचं श्रेय कॅलेंडरला देण्यासारखं आहे. आमचा प्रश्न असा आहे की हे ओझं ठेवलं कुणी, आणि ते उतरायला साठ वर्षं का लागावीत? विशीतल्या मुलीला ‘थांब, म्हातारी झालीस की सुखी होशील’ असं सांगायचं आहे का आपल्याला?

आणि सासूपणाच्या सुखाबद्दल आपल्यातल्या आपल्यात स्पष्ट बोलायला हवं. चहा कधी करायचा हे मी ठरवते, असं ती दुसरी म्हणाली. करतं कोण? सून. आपल्या समाजात बाईला म्हातारपणी जी सत्ता मिळते ती पुरुषाकडून काढून घेतलेली नसते, धाकट्या बाईच्या डोक्यावरून मिळालेली असते. पहिल्या बाईचं ओझं उतरतं ते दुसरीच्या मानेवर जातं. आमच्याकडे येणाऱ्या छळाच्या तक्रारींत सासूचं नाव किती वेळा असतं ते आपण सगळ्या जाणतो. पुरुषप्रधान व्यवस्थेने बाईला दिलेला हा एकमेव बोनस आहे आणि तो घेताना आपणही मागेपुढे पाहत नाही. ज्या सुखासाठी घरातली दुसरी बाई खपावी लागते ते सुख आपल्या हिशेबात धरू नये, असं मला वाटतं. बैठकीत हे मी बोलले तेव्हा दोघी रागावल्या. रागावू देत.

बाकीच्यांना तर तेही नाही. सून कामाला जाते, सातपूरच्या नाही तर अंबडच्या कारखान्यात, आणि नातवंडं, पाणी, स्वयंपाक आजीवर. केंद्र सरकारने २०२४ साली माणसं आपला दिवस कसा घालवतात याची पाहणी केली. बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात, करणारे पुरुष ८८ मिनिटं. पुरुष अठ्ठावन्न-साठला निवृत्त होतो, त्याचा सत्कार होतो, शाल-नारळ मिळतो, तो सकाळी नासर्डीच्या पुलापर्यंत फिरून येतो. त्याच्या बायकोला कुणी कधी शाल दिली? तिच्या निवृत्तीची तारीख कुठल्या कागदावर आहे?

सातपूरचा हिशेब

आता पैशाचं बोलू, कारण पैशाविना सुखाच्या गप्पा मारणं फक्त पैसेवाल्यांना परवडतं.

सातपूर हे कामगारांचं गाव. साठच्या दशकात औद्योगिक वसाहतीसाठी इथल्या जमिनी गेल्या, मोठमोठे कारखाने आले, खानदेशातून, मराठवाड्यातून, नगरकडून माणसं आली. १९८२ साली गाव नाशिक महानगरपालिकेत गेलं. कामगार म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे निळ्या कपड्यातला पुरुष येतो. पण पॅकिंग, जुळणी, तपासणी, झाडलोट, कॅन्टीन ही कामं करायला बायका होत्या आणि आहेत. कंपनीच्या हजेरीपटावर नाही, ठेकेदाराच्या वहीत.

मीही त्यातलीच. चौऱ्याऐंशी सालापासून पंधरा वर्षं मी ठेक्यावर पॅकिंग केलं. काही महिने झाले की ब्रेक. मग तीच जागा, तेच काम, पण ठेकेदाराचं नाव नवं, आणि माझं कार्डही नवं. फंडाचे पैसे कापले जात होते का, भरले जात होते का, हे मला आजतागायत कळलेलं नाही. एक चिठ्ठी कधी हातात आली नाही. ही गोष्ट माझी एकटीची असती तर लिहिली नसती. आमच्या बैठकीत ठेक्यावर काम केलेल्या जेवढ्या बायका येतात त्यांतल्या बहुतेकींची हीच गोष्ट आहे.

कायदा काय म्हणतो ते बघा. १६ नोव्हेंबर १९९५ पासून कर्मचारी पेन्शन योजना लागू झाली. पेन्शन हवी असेल तर किमान दहा वर्षांची सेवा लागते. पेन्शनचा हिशेब असा: पेन्शनसाठी धरलेला पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले सत्तर. म्हणजे पाच हजार पगारावर बारा वर्षं काम केलेल्या बाईला महिना ८५७ रुपये. सप्टेंबर २०१४ पासून किमान पेन्शन १००० रुपये ठरली आणि पुढे दहा वर्षांहून अधिक काळ तो आकडा हलला नाही. बुलढाण्याला पेन्शनर मंडळी २०१८ च्या डिसेंबरपासून साखळी उपोषणाला बसली, साडेसात हजारांची मागणी केली. त्यांच्या लढ्याला आपला पाठिंबा आहेच. पण त्या रांगेत उभं राहायला आधी पेन्शनर असावं लागतं. ज्यांची सेवा दर ब्रेकला तुटली, ज्यांनी लग्नात, बाळंतपणात काम सोडलं आणि हाती आले ते पैसे काढून घेतले, त्या दहा वर्षांच्या उंबऱ्यापर्यंत पोचल्याच नाहीत. हा नियम लिहिताना बाई कुणाच्याही डोळ्यांपुढे नव्हती. जो माणूस अखंड नोकरी करतो आणि ज्याची मुलं दुसरं कुणीतरी वाढवतं, त्याच्यासाठी तो लिहिलेला आहे. आणि ती मुलं वाढवणाऱ्या बाईला? नवरा वारल्यावर त्याच्या पेन्शनच्या निम्मी.

कामगार विम्याचंही तेच. किमान पाच वर्षं विमाधारक राहून वयोमानाने निवृत्त झालेल्या कामगाराला वर्षाला १२० रुपये भरून पती-पत्नीसाठी औषधोपचार चालू ठेवता येतात. चांगली सोय आहे. पण ठेक्यावरच्या बाईला कुणी ‘निवृत्त’ करत नाही. तिला सोमवारी सांगतात, उद्यापासून येऊ नको.

उरल्या सरकारी योजना. २०२४ साली राज्य सरकारने ‘लाडकी बहीण’ आणली, महिना १५०० रुपये. वयाची अट २१ ते ६५, कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला अडीच लाख. आमच्या गल्लीतल्या एका बाईला सुरुवातीचे हप्ते मिळाले. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या स्वतःच्या खात्यात पैसे आले. तिने चष्मा केला, नातीला दप्तर घेतलं. मग पासष्ट पूर्ण झाली. पासष्टीनंतर भावाला बहीण लाडकी राहत नाही! आता श्रावणबाळ योजनेकडे जा, असं तिला सांगितलं. तिथेही पासष्टीनंतर १५०० रुपयेच मिळतात, २०२३ पासून तेवढे झाले. पण श्रावणबाळला कुटुंबाच्या उत्पन्नाची अट वर्षानुवर्षं राहिली ती २१ हजारांची. महिन्याला १७५० रुपये! शहरात कुठलं कुटुंब तेवढ्यावर जगतं? चौसष्टाव्या वर्षी जी बाई अडीच लाखांच्या घरात राहूनही गरजू होती, ती पासष्टाव्या वर्षी त्याच्या जवळजवळ बाराव्या हिश्श्याएवढ्याच उत्पन्नावर गरजू ठरणार. मधल्या एका वर्षात ती श्रीमंत कशी झाली, हे कुठल्या तज्ज्ञाने फळ्यावर काढून दाखवावं. केंद्राच्या वृद्धापकाळ निवृत्तिवेतनात साठ ते एकोणऐंशी वयासाठी केंद्राचा वाटा तर २०० रुपये. दोनशे!

घरकामगार बायकांचं मंडळ २००८ च्या कायद्याने झालं, त्यात नोंदणीचं वय १८ ते ६०. साठीनंतर भांडी घासणारी बाई सरकारच्या लेखी भांडी घासत नाही. नळावरच्या त्या पोहेवाल्या बाईला हे सांगितलं तर ती पुन्हा हसेल.

घराचं काय? २००७ चा आई-वडिलांच्या निर्वाहाचा कायदा आहे, प्रांताधिकाऱ्यांपुढे अर्ज करता येतो, महिना दहा हजारांपर्यंत निर्वाह मिळू शकतो. मी तीन बायकांना घेऊन अर्ज करायला निघाले होते. तिन्ही जणी अर्ध्या वाटेवरून परतल्या. “पोराला साहेबापुढं कशी उभी करू? उद्या मेल्यावर पाणी कोण देईल?” कायदा म्हणतो, तक्रार करा. आईपणाचे सगळे संस्कार म्हणतात, तक्रार करायची नाही. घर सुरुवातीपासून तिच्याही नावावर असतं तर तक्रारीची वेळच आली नसती. आपल्या देशात साठीच्या पुढच्या बायकांपैकी जवळपास निम्म्या विधवा आहेत. पुरुषांमध्ये हे प्रमाण निम्म्याहूनही बरंच कमी. म्हणजे पुरुषाचं म्हातारपण बहुधा बायकोच्या हातचं जेवून जातं, आणि बाईचं म्हातारपण मुलाच्या दयेवर. एकाच घरातली ही दोन म्हातारपणं एका रेघेत कशी बसवता?

अर्ध्या तिकिटाची साक्ष

सुख वयाने येतं की व्यवस्थेने, याचा एक पुरावा आपल्या डोळ्यांसमोर घडला आहे. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्या माणसांना एसटीचा प्रवास मोफत झाला आणि १७ मार्च २०२३ पासून सगळ्या बायकांना अर्धं तिकीट. तेव्हापासून बसमध्ये कोण दिसतं ते बघा. माहेर तुटलेल्या बायका माहेरी जाऊन आल्या. वीस-वीस वर्षं बहिणीला न भेटलेल्या बहिणीला भेटल्या. आमच्यातली एक तर नुसतीच बसून सटाण्यापर्यंत जाऊन आली. “काही काम नव्हतं,” म्हणाली, “खिडकीत बसायचं होतं.” त्या बाईचं वय एका रात्रीत वाढलं नव्हतं, तिकीट निम्मं झालं होतं. उलटंही बघा. रेल्वेत अठ्ठावन्नपुढच्या बायकांना निम्मी सवलत होती, मार्च २०२० मध्ये करोनाच्या नावाखाली ती काढली. करोना गेला, सवलत परत आली नाही. पंढरपूर, शेगाव लांब गेलं.

म्हणूनच मला ती फळ्यावरची रेघ निरुपद्रवी वाटत नाही. म्हातारपणी सुख आपोआप वाढतं असं एकदा ठरलं की पेन्शन कशाला, दवाखाना कशाला, सवलत कशाला? जी तरीही दुःखी राहते तिचाच काहीतरी दोष. तिने योगा करावा, हास्यक्लबात जावं. सरकारला याहून स्वस्त योजना कुठली मिळणार?

थोडं आपल्या चळवळीबद्दलही. पंचाहत्तर साली पुण्यात स्त्रीमुक्तीची परिषद झाली. २० मार्च १९८८ रोजी समता आंदोलनाने संगमनेरला परित्यक्तांची परिषद घेतली. टाकलेल्या बायका पहिल्यांदा एकत्र आल्या, बोलल्या. त्या परिषदेत तिशीत असलेल्या बायका आज सत्तरीकडे झुकल्या आहेत. त्यांना नवरा नाही, वैधव्याचा दाखला नाही, माहेरचे भाऊ गेले, भाचे ओळखत नाहीत. आपण हुंड्यावर बोललो, बलात्कारावर बोललो, ते बोलायलाच हवं होतं. पण म्हातारपणावर आपण कधी शिबिर घेतलं? आपल्या मागण्यांच्या पत्रकात साठीपुढची बाई सासू म्हणून येते, नाहीतर येतच नाही. आणि आपण स्वतः? पंचवीस-तीस वर्षं चळवळीचं काम केलेल्या आपल्या किती कार्यकर्त्या आज कुणाच्या तरी घरी, कुणाच्या तरी कलाने राहतात, हे आपण एकमेकींना विचारत नाही. आपणही ‘बरं चाललंय’ असंच सांगतो.

म्हणून माझी सूचना अशी. पुढच्या आठ मार्चच्या पत्रकात या मागण्या घ्याव्यात: लाडक्या बहिणीची पासष्टीची अट काढा, किंवा श्रावणबाळची उत्पन्नाची अट तिच्याएवढी करा. तुटक-तुटक सेवा जोडून ठेक्यावरच्या बायकांना पेन्शन द्या, आणि किमान पेन्शन जगता येईल एवढी करा. घरकामगारांच्या नोंदणीची साठीची मर्यादा हटवा. रेल्वेची सवलत परत द्या. महानगरपालिकेच्या दवाखान्यांत आठवड्यातून एक दिवस म्हाताऱ्या बायकांसाठी बाई डॉक्टर बसवा, आणि प्रत्येक चौकात स्वच्छ, मोफत मुतारी द्या, म्हणजे काही ‘विरक्त’ बायका घराबाहेर पडतील. घर दोघांच्या नावावर, ही आपली जुनी मागणी. ती पुन्हा वर काढा.

आणि मागण्यांच्याही आधी एक काम. आपापल्या गटात हा प्रश्न विचारा. दार लावून, घरचं कुणी नसताना. सुखी आहात का एवढंच विचारू नका. स्वतःच्या हाताने खर्चता येईल असे किती पैसे आहेत, घर कुणाच्या नावावर आहे, शेवटचं डॉक्टरकडे कधी गेलात, रात्री झोप लागते का, आणि आता लागत असेल तर आधी का लागत नव्हती, हे विचारा. जे ऐकाल ते लिहून या मासिकाकडे पाठवा, नावं न घालता. आम्ही सातपूरच्या बायका आमचं लिहायला घेतलं आहे. पुढच्या वेळी कुणी पाहुणे फळ्यावर वाटी काढायला आले तर आमच्याकडेही खडू असेल. आणि पोहे त्या दिवशी खुर्चीवाल्यांनी करावेत, असं बैठकीत ठरलं आहे.